भूल देणाऱ्यांना सवाल

‘आरक्षणवाल्या डॉक्टरच्या हातून भूल घ्याल काय?’

हा सवाल आमच्या तोंडावर रोज मारला जातो. लोकलच्या डब्यात, कँटीनच्या टेबलावर, लग्नाच्या पंगतीत, आता मोबाइलवरसुद्धा. विचारणारा विचारून झाल्यावर हसतो. आपण फार मोठा मुद्दा मांडला असं त्याला वाटतं. त्याच्या डोळ्यांपुढं ऑपरेशनचं टेबल असतं, टेबलावर तो स्वतः उताणा, आणि डोक्याशी आमच्यातला कुणी पोरगा हातात सिरिंज घेऊन उभा. एवढ्या चित्रानेच त्याला घाम फुटतो. गटारात आमचा माणूस उतरतो तेव्हा त्याला घाम फुटत नाही.

मी गोदीत ओझी वाहणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं शाळा नाही. कविता लिहितो. तरी ह्या सवालाचं उत्तर मी देणार. कारण माझी धाकटी बहीण भूलशास्त्रात एम.डी. करतेय, आणि परीक्षेची तिची तयारी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत झाली. तिची वही हातात धरून तिला प्रश्न विचारणारा एक्झॅमिनर मी होतो. इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचायचो, ती उत्तर द्यायची, मी वहीतल्या ओळीशी ताडून बघायचो. तेव्हा ह्या विषयात मला अक्कल नाही असं कुणी म्हणू नये. थोडी आहे.

तर पहिली गोष्ट साफ करू. आरक्षण दारापर्यंत येतं. आत शिरल्यावर तीन वर्षांची रेसिडेन्सी, एक प्रबंध, चार लेखी पेपर, मग प्रात्यक्षिक आणि तोंडी. लेखीत पन्नास टक्के, प्रात्यक्षिक-तोंडीत पन्नास टक्के, दोन्हीकडे वेगवेगळे. ह्या पन्नासात जातीला सूट नाही. वाड्यातल्या पोराला पन्नास, बंगल्यातल्या पोरीला पन्नास, माझ्या बहिणीला पन्नासच. टेबलाच्या डोक्याशी उभा राहणारा प्रत्येक भूलतज्ज्ञ ह्याच भोकातून बाहेर आलेला असतो. हे ज्याला माहीत नाही तो अडाणी, आणि माहीत असून जो तो सवाल विचारतो तो हरामखोर. तिसरी जात मला दिसत नाही.

ह्या परीक्षेत मागतात काय, तेही ऐका. बॉइलचं यंत्र, १९१७ सालचं, त्याचा नळीन् नळीचा हिशोब. सिलिंडर ओळखायचे : पुस्तकात ऑक्सिजनचं अंग काळं आणि खांदा पांढरा, नायट्रस ऑक्साइड निळा. चुकीचा सिलिंडर चुकीच्या जागी बसू नये म्हणून खिळे ठोकलेले असतात. ऑक्सिजनचे दोन-पाच, नायट्रसचे तीन-पाच. हे मला एका दमात पाठ झालं, कारण पाठीवरच्या मालाचा मार्का चुकला की काय होतं ते गोदीवाल्याला शिकवावं लागत नाही. मग औषधं. किती किलोच्या माणसाला किती, मूत्रपिंड खराब असेल तर कुठलं नको, गरोदर बाईला काय, दोन दिवसांच्या पोराला काय. हृदयाचा आलेख, छातीचा फोटो. एका पेशंटला तपासून त्याची सगळी कथा एक्झॅमिनरपुढं मांडायची आणि प्रत्येक वाक्याला ‘का?’ झेलायचा.

आणि हे सगळं कधी वाचायचं? ड्यूटी उतरल्यावर. रेसिडेंट डॉक्टरने आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम करावं असा केंद्राचा नियम १९९२ सालचा आहे. बहीण छत्तीस-छत्तीस तास सलग उभी राहून घरी आलेली मी पाहिलीय. गोदीत आमची पाळी आठ तासांची. त्यासाठी आमच्या आधीच्या पिढ्यांनी संप केले, लाठ्या खाल्ल्या. माणसाचा श्वास ज्याच्या मुठीत त्याला मात्र झोप नाही. आणि वर मेरिटच्या गप्पा!

मेरिट ही तुमच्या बापजाद्यांची इस्टेट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी भूलशास्त्राचा इतिहास वाचावा. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टनने इथर देऊन दाखवलं. पण इथर-क्लोरोफॉर्मचं शास्त्र ज्याने नीट बसवलं, १८५३ साली व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म ज्याने दिलं, तो जॉन स्नो यॉर्क शहरातल्या कोळशाच्या वखारीतल्या मजुराचा पोरगा. मजुराचा! राणीने त्याच्या हातून भूल घेतली आणि तिचं काही बिघडलं नाही. श्वासाच्या नळ्यांच्या जोडण्यांचं जे वर्गीकरण आजही तोंडी परीक्षेत हटकून विचारतात, ते १९५४ साली मांडणारा मेपलसन हा डॉक्टरच नव्हता, भौतिकशास्त्रवाला होता. आणि स्नायू सैल पाडणारं कुरारे, ज्याच्यामुळं पोटाची-छातीची मोठी ऑपरेशनं सोपी झाली, ते दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या आदिवासींच्या बाणाच्या टोकावरचं विष. वेली उकळून, आटवून ते करायचे. १९४२ साली माँट्रिअलला ग्रिफिथने ते ऑपरेशनमध्ये वापरलं आणि पुस्तकात नाव गेलं ग्रिफिथचं. आदिवासीच्या ज्ञानावर पोट फाडायचं, आणि त्याचं पोर कॉलेजात आलं की विचारायचं, ‘तू इथं कसा?’

आणखी एक गंमत. भूल देण्याआधी पेशंटला तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतात. घसा किती दिसतो त्यावरून नळी घालणं सोपं की अवघड ते ठरवतात. डॉ. मल्लमपती ह्या आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या भूलतज्ज्ञाने ही रीत १९८५ साली मांडली. आधी वर्ग तीन होते, चौथा १९८७ साली दुसऱ्यांनी जोडला. बहिणीने हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो. वर्ण आधी तीनच होते, चौथा मागून आला, असं बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरच्या ग्रंथात मांडलेलं आहे. ह्या देशात तोंड उघडलं की चार वर्ग आलेच.

आता पैशाचं बोलू. २०२३ साली पदव्युत्तर मेडिकलच्या जागा भरेनात, तेव्हा सरकारने नीट-पीजीची पात्रता सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. शून्य! जो परीक्षेला बसला तो पात्र. रिकाम्या राहिलेल्या जागांत महागड्या फीच्या खाजगी जागा होत्याच. तेव्हा मेरिटवाले मोर्चा घेऊन निघाले नाहीत. लोकलच्या डब्यात कुणी विचारलं नाही, ‘बापाच्या चेकवर डॉक्टर झालेल्याच्या हातून भूल घ्याल काय?’ आमच्या पोराचे चार मार्क कमी आले तर रुग्णाचा जीव धोक्यात, आणि शून्यावर जागा विकली तर ती शिक्षणाची सोय. ही तुमची गुणवत्ता. २० जानेवारी २०२२ रोजी सुप्रीम कोर्टानेसुद्धा लिहून ठेवलं, की स्पर्धा परीक्षेतले मार्क म्हणजेच गुणवत्ता नव्हे. त्या मार्कांमागं घराने, पैशाने, समाजाने दिलेला पुढावा असतो. आम्ही हे पन्नास वर्षं ओरडून सांगतोय. पण कोर्टाच्या कागदावर आलं ते बरं झालं.

खरी मारामारी मात्र तोंडी परीक्षेत आहे, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही.

लेखी पेपरावर नाव नसतं, नंबर असतो. तोंडीच्या टेबलावर मात्र अख्खा माणूस बसतो : त्याचा रंग, त्याचे उच्चार, त्याचं आडनाव. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, बहिणीला पुन्हा अशाच टेबलापुढं बसायचंय. तिला पहिल्या प्रश्नाआधी पूर्ण नाव विचारलं. आडनावाने भागलं नाही तेव्हा गाव विचारलं. गावानेही भागलं नाही तेव्हा सरळ विचारलं, ‘कुठल्या कोट्यातून?’ मग प्रश्न आला मेपलसनच्या जोडण्यांचा. तिला ते झोपेत उठवलं तरी येतं, मी साक्षीदार आहे. तिने दुसरं वाक्य संपवलं नाही तोच एकाने म्हटलं, ‘आधी इंग्रजी नीट बोला.’ दुसरा हसला. घंटा वाजली. लेखीत ती सुटली, प्रात्यक्षिक-तोंडीत अडकली. तिच्या नंतर आत गेलेला पोरगा वीस मिनिटांनी हसत बाहेर आला.

एकट्या तिचीच ही कहाणी असती तर मी हा लेख लिहिलाच नसता, घरातलं दुःख घरात ठेवलं असतं. पण २००७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातीच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी समितीला सांगितलं की प्रात्यक्षिकात आणि तोंडीत आमच्याशी न्यायाने वागत नाहीत, आडून किंवा सरळ जात विचारतात. दिल्लीच्याच वर्धमान महावीर मेडिकल कॉलेजात आमची पोरं एकाच विषयात पुन्हा पुन्हा नापास होत होती. त्याची चौकशी भालचंद्र मुणगेकरांनी केली, आणि २०१२ साली जातीय भेदभाव झाल्याचा निष्कर्ष काढला. आणि २२ मे २०१९ ची रात्र मुंबईने बघितलीच आहे. आदिवासी तडवी समाजातली पायल, एम.डी.ची विद्यार्थिनी, होस्टेलच्या खोलीतून जिवंत बाहेर आली नाही. तिच्या तीन सीनियर डॉक्टर बायांवर पोलिसांनी आरोपपत्र ठेवलं. समित्या होतात, अहवाल छापतात, आणि तोंडीचं टेबल जिथल्या तिथं राहतं.

कुरारेबद्दल एक गोष्ट बहिणीच्या पुस्तकात आहे, ती मला झोपू देत नाही. हे औषध माणसाचे सगळे स्नायू बंद पाडतं, पण शुद्ध हरपत नाही, दुखणं थांबत नाही. नस स्नायूला निरोप पाठवते आणि औषध दाराशी आडवं पडून तो निरोप आत जाऊ देत नाही. अमेरिकेतल्या स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने नुसतं कुरारे स्वतःच्या अंगात घेतलं आणि १९४७ साली लिहून ठेवलं : हात हलत नव्हता, पापणी हलत नव्हती, श्वास दुसरे देत होते, पण सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं.

मित्रांनो, तोंडीच्या टेबलावर आमच्या पोरांना हेच टोचतात. सगळं येत असतं, सगळं कळत असतं, जीभ मात्र हलत नाही. आणि समोरचा शेरा मारतो : ‘काही येत नाही.’ हजारो वर्षं गावकुसाबाहेर हेच टोचलं. आम्ही ओरडत नव्हतो म्हणून त्यांनी धरून चाललं की आम्हाला दुखत नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर एकच सांगतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला विचारायचं असतं, किती वाजता जेवलात, दात हालतो काय, दारू किती पिता. जेवणानंतर सहा तास पोट रिकामं ठेवावं लागतं. नाहीतर भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि माणूस दगावू शकतो. भेदरलेली म्हातारी मोठ्या डॉक्टरला ‘काही खाल्लं नाही’ म्हणते. माझी बहीण तिच्या शेजारी बसते, ‘आजी, चहात पाव बुडवला असंल ना थोडा?’ म्हणते, आणि म्हातारी हळूच मान हलवते. ऑपरेशन पुढं ढकललं जातं, म्हातारी जगते. ह्याला किती मार्क? कुठल्या पेपरात विचारतात हे?

दोन शब्द आपल्यातल्यांनाही. डॉक्टर झाले की आडनाव बदलून, फ्लॅट घेऊन गप्प बसणारे आपल्यात आहेत. त्यांनी नुसतं एवढं करावं : एक्झॅमिनर व्हावं, टेबलाच्या त्या बाजूला बसावं, आणि तिथं गप्प बसू नये. आणि पुस्तकाला बाटगेपणा म्हणणारे जे कवी-कार्यकर्ते आहेत, त्यांनी रात्री एखाद्या पोरीची वही धरून बसावं. घोषणा द्यायला गळा लागतो, वही धरायला दोन वाजेपर्यंत जागणारे डोळे लागतात.

आमच्या मागण्या भीक नाहीत, हिशोब आहे. तोंडीच्या टेबलावरही नाव-आडनाव नको, फक्त नंबर. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, तेवढीच मिनिटं. प्रत्येक एक्झॅमिनरने प्रश्नागणिक वेगळे मार्क तिथल्या तिथं लिहावेत, एकमेकांचं बघू नये. सगळ्या तोंडीचं रेकॉर्डिंग व्हावं आणि नापास झालेल्याने मागितलं की मिळावं. ज्याने जात, गाव, कोटा विचारला त्याने पुन्हा एक्झॅमिनर म्हणून बसू नये. आणि भूलशास्त्राच्या परीक्षेत भूलशास्त्र तपासावं, कॉन्व्हेंट नव्हे. ह्यातली एकही गोष्ट महाग नाही. ज्यांचं मेरिट खरं आहे त्यांनी रेकॉर्डिंगला घाबरायचं कारण नाही. जे घाबरतील त्यांची नावं आपोआप कळतील.

कुरारेचा अंमल उतरवायला निओस्टिग्मिन देतात. निरोप पुन्हा पोचू लागतो. पण उतरलाय की नाही ते कसं ओळखायचं? पेशंटला सांगतात, डोकं उशीवरून उचला आणि पाच सेकंद धरून ठेवा. धरलं तर स्नायू परत आले, आता तो स्वतःच्या जोरावर श्वास घेईल.

आमच्या बापांनी महाडला डोकं उचललं ते १९२७ साली. मोजा किती सेकंद झाले.