पॅकिंगच्या जागी ट्यूब

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यापाशी परस्परांना छेदतात, आणि जेथे असे दोन मार्ग मिळतात तेथे कालांतराने यंत्रदुरुस्तीची एक स्वतंत्र वसाहतच उभी राहावी यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. या वसाहतीत आग्र्याकडे निघालेले ट्रक येतात, साक्री-शिरपूरकडचे ट्रॅक्टर येतात, प्रवासी रिक्षा आणि मोटारसायकली तर अष्टौप्रहर येतच असतात. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल आणि चोपडा या केळीच्या तालुक्यांतून अशाच दुकानांपुढे पाण्याची डिझेल इंजिने बैलगाडीत किंवा टेम्पोत घालून आणली जात असत, आणि वीज रुसली की आजही आणली जातात. या सर्व दुकानांतून गेल्या काही वर्षांत एक शिरस्ता इतका बेमालूम रूढ झाला आहे, की त्याविषयी कोणी शंका घेतली तर मिस्तरीच चकित होतो. इंजिन उघडले, जुने पॅकिंग फाटले, नवे पॅकिंग बाजारात मिळाले नाही किंवा ते आणण्याचा कंटाळा आला, की खिशातून सिलिकॉनची ट्यूब निघते, दोन्ही पृष्ठांवर बोटाने मलम फासले जाते आणि "भाऊ, ट्यूब मारून देतो, तेलाचा टिपूस येणार नाही" या आश्वासनासह यंत्र मालकाच्या हवाली होते. हे आश्वासन पुष्कळदा खरे ठरते, आणि खरे ठरते म्हणूनच त्याची अधिक बारकाईने छाननी झाली पाहिजे.

धातूचे दोन भाग कितीही सफाईने घासून काढले तरी त्यांची पृष्ठे सूक्ष्मदृष्टीने पाहता उंचसखलच राहतात, आणि त्या उंचसखलपणातून तेल, पाणी, वायू वाट काढतात. ती वाट बंद करण्याची जुनी विद्या आमच्या मिस्तऱ्यांना उत्तम अवगत होती. पॅकिंगचा जाड कागद झाकणाच्या कडेवर ठेवायचा, गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलक्या हाताने ठोकत जायचे, म्हणजे लोखंडाची धारच कागद कापते. आणि बोल्टांच्या भोकांसाठी मोडक्या बेअरिंगमधली पोलादी गोळी भोकावर ठेवून एकच घाव घालायचा, की कागदाची वाटोळी टिकली सुबकपणे खाली पडते. हे काम पाहत उभे राहण्यातही एक सुख होते. असे कापलेले पॅकिंग ग्रीस लावून, किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, म्हणजे ज्याला दुकानात शेलॅक म्हणत, तिचा हात फिरवून बसवले जाई. अर्थात द्रवरूप पदार्थाने सांधा बंद करण्याची कल्पना काही परदेशी ट्यूबेबरोबर खानदेशात अवतरली असे नव्हे. परंतु तेव्हा लाख ही पॅकिंगची सहकारिणी होती, तिने पॅकिंगला पदच्युत केलेले नव्हते.

आता ट्यूबेचा पक्षही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तिच्यावर सरसकट बहिष्कार पुकारणाऱ्या जाणत्या गृहस्थांशी मी सहमत नाही. १९५३ साली अमेरिकेतील ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी हवा तुटताच धातूच्या सान्निध्यात घट्ट होणारा एक द्रव सिद्ध केला, आणि पुढे त्या जातीचे पदार्थ व हवेतील दमटपणा शोषून रबरासारखे होणारे सिलिकॉनचे पदार्थ ही दोन्ही कुळे जगभरच्या इंजिन-कारखान्यांत मानाने नांदू लागली. अनेक मोटारसायकलींच्या आणि खडबडीत वाटांवर धावणाऱ्या एटीव्ही गाड्यांच्या इंजिनांत क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांमध्ये मुळातच पॅकिंग नसते. कारखान्यातच तेथे द्रवाची रेघ ओढली जाते. आपल्याकडच्या जुन्या बुलेटच्या क्रँककेसचीही हीच गत आहे, आणि तेथे कोणी उत्साहाने कागदाचे पॅकिंग कापून घातले तर तो उपकार न होता अपकार होईल. शिवाय जुन्या पॅकिंगांच्या शीटांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, त्याची पूड दुकानातल्या पोराच्या छातीत जाई, ही गोष्ट आठवली म्हणजे ट्यूबेचे स्वागतच करावेसे वाटते.

पण ज्या सांध्याची रचना करणाऱ्याने तेथे पॅकिंग योजले आहे, तेथे ते केवळ फट बुजवण्यासाठी योजले आहे असे गृहीत धरणे, हा या सगळ्या व्यवहारातला मूळ प्रमाद होय. पॅकिंगला जाडी असते, आणि त्या जाडीचा हिशेब धरूनच आतली अंतरे ठरवलेली असतात. याचे अत्यंत बोलके उदाहरण एटीव्हीच्याच प्रांतात सापडते. एटीव्ही म्हटले की आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी चारचाकी डोळ्यांपुढे येते. परंतु अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक असते 'बाहा' स्पर्धेमुळे. १९७६ साली अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झालेली आणि २००७ पासून भारतात भरणारी ही स्पर्धा अनेक वर्षे इंदूरजवळच्या पीथमपूरला होत आली. महाराष्ट्रातल्या कॉलेजांची पोरे स्वतः जोडलेली गाडी टेम्पोवर चढवून धुळे, शिरपूर, सेंधवा याच वाटेने तिकडे जातात, आणि वाटेत काही खुट्ट झाले तर धुळ्याच्या गॅरेजांखेरीज त्यांना त्राता नसतो. या गाड्यांना वर्षानुवर्षे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे दहा अश्वशक्तीचे, एका सिलेंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन बसवले गेले, आणि त्या इंजिनात फेरफार करण्यास नियमांनी मज्जाव केलेला होता.

याच कंपनीच्या जुन्या लहान इंजिनांत क्रँककेसच्या बाजूच्या झाकणाचे पॅकिंग एकाच जाडीचे येत नसे. नेहमीचे पॅकिंग एका इंचाच्या १५ सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर जाडीचे. त्याशिवाय ९ सहस्रांशाचे आणि ५ सहस्रांशाचे अशी पातळ पॅकिंगे. ती कशासाठी? तर क्रँकशाफ्टला आडव्या दिशेने जी किंचित हालचाल असावी लागते, ती २ ते ८ सहस्रांश इंचांच्या, म्हणजे ०.०५ ते ०.२० मिलिमीटरच्या मर्यादेत आणण्यासाठी. मिस्तरीने जाड-पातळ पॅकिंगांचा मेळ घालून ती मर्यादा साधायची असते. आता असे कल्पा, की हे ०.३८ मिलिमीटरचे पॅकिंग काढून टाकले, ट्यूब फासली आणि बोल्ट आवळले. आवळल्यावर ट्यूबेचा थर जवळजवळ नाहीसा होऊन धातू धातूला भिडतो. झाकण तेवढेच आत सरकते. आणि ज्या शाफ्टला जास्तीत जास्त ०.२० मिलिमीटर मोकळीक होती, त्याची सर्व मोकळीक खाऊन वर शाफ्ट दोन्ही बाजूंनी दाबला जातो. बाहेर तेलाचा टिपूस नाही, मालक संतुष्ट, मिस्तरीची कीर्ती अबाधित. आत मात्र बेअरिंग तापू लागलेले असते, आणि महिन्यानंतर इंजिन जाम झाले म्हणजे दोष तेलाला, उन्हाला किंवा कंपनीला दिला जातो. ट्यूबेला कोणी जबाब विचारीत नाही, कारण तिने आपले काम चोख केलेले असते.

काही डिझेल इंजिनांत सिलेंडरच्या बुडाशी पातळ चकत्या घालून पिस्टन वर आल्यावर हेडपासून किती दूर राहावा हे ठरवतात. तेथेही हाच न्याय. तेलाच्या पंपाचे झाकण, कार्ब्युरेटरचे तळ, गिअरपेटीचे कव्हर, यांपैकी कोठे पॅकिंग नुसते आडोसा आहे आणि कोठे ते माप आहे, हे ठरवल्यावाचून ट्यूबेला हात लावू नये. हेडच्या पॅकिंगविषयी तर अधिक बोलायलाच नको. साधारण २५० अंशांपर्यंत टिकणाऱ्या रबराकडून ज्वलनकक्षाचे धगधगते वायू आणि त्यांचा प्रचंड दाब थोपवण्याची अपेक्षा करणारा मिस्तरी मला अजून भेटलेला नाही, ही खानदेशाची पुण्याईच; पेट्रोलच्या टाकीवर आणि कार्ब्युरेटरवर मात्र सिलिकॉन फासणारे पुष्कळ आहेत, आणि पेट्रोलच्या स्पर्शाने हे रबर फुगून लिबलिबीत होते हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

दुसरे अनिष्ट मापाचे नसून अतिरेकाचे आहे. ट्यूब स्वस्त, बोट सैल, आणि 'जास्त लावले तर जास्त टिकेल' हा भोळा विश्वास. मग झाकण आवळताच जेवढा मलम बाहेर ओघळतो तेवढाच आतही ओघळतो. बाहेरचा ओघळ चिंधीने पुसला जातो. आतला वाळून शेवयांसारख्या धाग्यांच्या रूपाने लोंबत राहतो, आणि तेलाच्या प्रवाहात तुटून थेट तेलपंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. एखाद्या ट्रॅक्टरचे ऑईल-चेंबर उतरवल्यावर जाळीच्या तोंडाशी राखी-काळ्या धाग्यांचा गुंता चिकटलेला दिसला, म्हणजे तेलाचा दाब का उतरला याचा वेगळा पंचनामा करावा लागत नाही. जाणता मिस्तरी दोन्ही पृष्ठे आधी खरवडून, पेट्रोलने पुसून कोरडी करतो, आणि बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने ज्वारीच्या दाण्याएवढ्या जाडीची एकच अखंड रेघ ओढतो. तेवढी पुरेशी असते. किंबहुना तेवढीच असावी.

आणि येथे आमच्या मुलखाची हवाही आड येते. सिलिकॉनची ट्यूब घट्ट होते ती हवेतील दमटपणा शोषून. कडेपासून आत चोवीस तासांत ती दोन-तीन मिलिमीटरच पक्की होते, आणि हवा कोरडी असली म्हणजे हा कालावधी वाढतो. भुसावळ-जळगावच्या वैशाखात, जेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दुपारच्या वाऱ्यात ओलावा औषधालाही उरत नाही, तेव्हा ट्यूबेला दिवसभराची मुदत देणे हे शहाणपणाचे. प्रत्यक्षात मिळतो अर्धा तास. केळीचा बाग उन्हात उभा असतो, विजेचे वेळापत्रक रात्रीचे असते, डिझेल इंजिन सुरू व्हावे म्हणून शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसून असतो. अशा माणसाला 'उद्या या' म्हणण्याचे धैर्य मिस्तरीला होत नाही, आणि त्यात त्याचा कठोरपणा नसून दयाळूपणाच असतो, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणूनच मिस्तरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून हा खटला निकाली निघणार नाही. तालुक्याच्या गावी जाऊन एखाद्या झाकणाचे एकच पॅकिंग मागून पाहा; 'सुटे येत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागेल' हे उत्तर बहुधा ठरलेले, आणि पूर्ण सेटही जळगाव किंवा धुळ्याहून मागवावा लागेल ही पुस्ती त्याला जोडलेली. एका कागदी कड्यासाठी संपूर्ण इंजिनाच्या पॅकिंगांची किंमत मोजण्यापेक्षा मालक स्वतःच 'ट्यूब मारा' म्हणतो. इंजिन विकताना ज्या कंपन्या आपल्या जाळ्याची महती फलकांवर मिरवतात, त्यांनी नित्य लागणारी चार-सहा पॅकिंगे तालुक्याच्या विक्रेत्याकडे सुटी ठेवण्याची तजवीज केली पाहिजे, आणि ही मागणी विक्रेत्यांच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. सोबतच्या पुस्तिकेत कोणत्या सांध्याला पॅकिंग, कोणत्या जाडीचे, आणि कोणत्या सांध्याला कोणता द्रव, याचा एक पानाचा तक्ता मराठीत छापण्यास कोणत्याही कारखान्याचे दिवाळे निघणार नाही. धुळे-जळगावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकॅनिक डिझेल आणि मोटर मेकॅनिक यांचे वर्ग चालतात. तेथे पॅकिंग कापण्याबरोबर पॅकिंग मायक्रोमीटरने मोजणे आणि शाफ्टची आडवी मोकळीक डायल गेजने पाहणे, या दोन गोष्टींवर एक दिवस अधिक खर्च व्हावा.

स्वस्तातली ट्यूब वापरण्याचा जुना आग्रह नव्या गाड्यांच्या बाबतीत अधिकच जाचक ठरतो. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत धुराड्याच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर सर्रास असतात, आणि जी ट्यूब उघडताच सिरक्याचा आंबूस वास येतो, त्या स्वस्त जातीच्या सिलिकॉनची वाफ हा सेन्सर निकामी करू शकते. त्यासाठी सेन्सरला अपाय न करणारी ट्यूब निराळी मिळते, ती थोडी महाग असते, आणि कपाटात दोन्ही ट्यूबा शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात.

कंपन्या आणि प्रशिक्षण संस्था हे मनावर घेईपर्यंत ग्राहकाने आपल्यापुरते एवढे करावे: जुने पॅकिंग फेकू न देता मागून घ्यावे, ते ज्या सांध्याचे आहे तेथे कारखान्याने पॅकिंगच सांगितले आहे का हे विचारावे, आणि ज्या-ज्या सांध्यावर ट्यूब वापरली त्याची नोंद मिस्तरीने बिलावर करावी असा आग्रह धरावा. पुढच्या वेळी इंजिन उघडणारा मिस्तरी कदाचित दुसरा असेल, आणि आत पॅकिंग नाही हे त्याला बोल्ट सैल करण्यापूर्वीच कळलेले बरे.