खाटेवर नसलेल्या रुग्णाची शुश्रूषा

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक मोरगावच्या जोडीने ओळखले जाते, तर दुसरे सडकेवरून. मुंबई-कोलकाता महामार्गावरील या सडक अर्जुनीतून नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांकडे निघालेला रुग्ण साकोली, भंडारा मागे टाकीत जातो. मधुमेह, अवटू ग्रंथीचे (थायरॉइडचे) विकार अशा अंतःस्रावी रोगांची चर्चा सहसा त्या प्रवासाच्या शेवटच्या टोकापासून सुरू होते. तज्ज्ञ किती आणि यंत्रे कोणती, हेच प्रश्न तेथे विचारले जातात. वस्तुतः हे रोग जन्मभर सोबत राहणारे असल्याने त्यांचा निकाल घरी लागतो. त्यात डॉक्टरांचा वाटा काही मिनिटांचा, तर परिचारिकेचा कित्येक वर्षांचा असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के. प्रमाण कमी म्हणून खेड्यातला प्रश्न लहान ठरत नाही, कारण तेथे रोगापेक्षा शुश्रूषेची वाण अधिक आहे.

हा धानाचा मुलूख आहे. मधुमेह जुना झाला की पायांची संवेदना मंदावते. काटा रुतला तरी कळत नाही. 'अनवाणी चालू नका' हा पुस्तकी सल्ला बांधीच्या चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईला देणे म्हणजे काहीच न सांगणे होय. तिला सांगायचे ते असे की, संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवे घरातील कोणाकडून तरी उजेडात पाहून घ्यावेत. इन्सुलिन टोचून उपाशीपोटी शेतावर जाऊ नये. घाम, थरथर, भोवळ हा उन्हाचाच ताप असतो असे नाही. साखर उतरल्याचीही ती खूण असते, म्हणून गूळ जवळ असावा. भात सोडा असे येथे सांगता येत नाही, किती वाढून घ्यावा एवढेच सांगता येते. शीतकपाट नसलेल्या घरात वैशाखात इन्सुलिनची कुपी ओल्या मडक्यात, सावलीला कशी ठेवावी, हेही कोणी तरी हाताने दाखवावे लागते.

अवटू ग्रंथीच्या रुग्णांची गोष्ट अधिक नाजूक आहे. या ग्रंथीचा स्राव कमी पडतो तेव्हा द्यावयाची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी घ्यावयाची असते आणि गर्भारपणी तिची मात्रा बहुधा वाढवावी लागते. त्याच स्त्रीला उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्याही मिळतात. दोन्ही एकदम घेतल्यास पहिलीचा गुण कमी होतो, म्हणून मध्ये चार तासांचे अंतर हवे. चिठ्ठीवर हे क्वचितच लिहिलेले असते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी चाचणी त्यांना खोटा दिलासा देऊ शकते. हा भेद ध्यानात ठेवणारी परिचारिका येथे तज्ज्ञाइतकीच मोलाची आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने अडचण मोजमापाची आहे. रुग्णालयातील परिचारिकांची पदे मुख्यतः खाटांच्या संख्येवरून ठरतात. या रुग्णाला मात्र बहुतेक वर्षे खाट लागतच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भरही रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. पाय चिघळल्यानंतरचा खर्च सरकारी वहीत दिसतो, पाय वाचविणारी पंधरा मिनिटे दिसत नाहीत. आणि औषध मोफत असले तरी ते आणायला बुडालेली मजुरी व बसभाडे रुग्णाच्याच माथी पडते. रोवणीच्या दिवसांत तर ही किंमत इतकी चढते की, रुग्ण गोळ्यांचा खाडा करणेच पसंत करतो. त्याला अडाणीपणा म्हणण्याची घाई होते. तो हिशेब आहे.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले; त्यांत परिचर्येचे पदवीधरही आहेत. आशा सेविका तिशीवरील माणसांच्या याद्या करतात. परंतु अहवालात ठळकपणे मांडला जातो तो किती जणांची तपासणी झाली हा आकडा. वर्षानंतर किती जणांची साखर आटोक्यात राहिली, हा त्याहून अवघड आकडा मागे पडतो.

तो मोजता येतो याचा दाखला फार दूर नाही. गोंदिया १९९९ पर्यंत ज्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता, तो जिल्हा २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. तेथे प्रत्येक रुग्णाची नोंद, घराजवळच्या केंद्रात औषध आणि न आलेल्याचा पाठपुरावा या साध्या गोष्टींवर भर होता. मधुमेहाला हीच रीत लावायची तर नोंदीत पायांच्या तपासणीचा एक रकाना वाढवावा लागेल, आणि ती तपासणी रोवणीपूर्वी, ज्येष्ठातच उरकावी लागेल. त्यासाठी परिचारिकेचे काही तास लसीकरण, बाळंतपणे व बैठकांतून सोडवून राखून ठेवावे लागतील. ती कंत्राटी असेल आणि करार संपताच गेली, तर नव्या बाईंना प्रत्येक घराची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागेल. ही झीज कोणत्या खात्यावर टाकायची, याचे उत्तर अद्याप कोणत्याही अंदाजपत्रकाने दिलेले नाही.