ॲन अवर, अ युनिव्हर्सिटी आणि आपला अलिफ

इंग्रजीचा पेपर काढायचा असेल तर आधी मराठीतून विचार करणं सोडा, असं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना सर्रास सांगितलं जातं. आमच्या मुलांना तर दुहेरी सांगतात: मराठी सोडा आणि उर्दूही सोडा. मला हा सल्ला चुकीचा वाटतो, आणि गरिबाच्या मुलाला तो फार महाग पडतो.

मी चारकोपला राहते. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे लहान लहान भूखंड आखले आणि बेताच्या कमाईच्या माणसांनी त्यावर घरं बांधली. त्या घरांतली मुलं आता सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसतात. संध्याकाळी काही जण माझ्याकडे व्याकरण विचारायला येतात. काही इथल्याच सेक्टरांतली, मराठी माध्यमातली. काही शेजारच्या मालवणीतून येणारी, उर्दू शाळेत शिकलेली. कुणी ताई म्हणतं, कुणी आपा. गणिताला ती घाबरत नाहीत, पण 'इंग्लिश कच्चं आहे' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी.

कच्चं राहून भागत नाही. केंद्राच्या एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात एका तासात 100 प्रश्न, त्यातले 25 इंग्रजीचे. म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद, आणि उत्तर चुकलं की अर्धा गुण कापला जातो. 2023च्या तलाठी भरतीतही 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचेच होते. अर्ध्या-पाऊण गुणाने नाव यादीबाहेर राहिलं की घरात काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. विशेषतः मुलगी असेल तर पुढच्या वर्षीची फी कुणी भरत नाही, स्थळं बघायला लागतात.

आता 'अ' आणि 'ॲन'चंच बघा. क्लासमध्ये ए, ई, आय, ओ, यू पाठ करून घेतात आणि मग अपवादांची लांबलचक यादी देतात. अवर, ऑनेस्ट, एअर म्हणजे वारस, युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-रुपी नोट, एमएलए. खरं तर यातलं एकही अपवाद नाही. नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही. आणि उच्चार जसाच्या तसा लिहायला आपल्याकडे देवनागरी आहे. शब्द देवनागरीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर निघालं तर 'ॲन', व्यंजन निघालं तर 'अ'. 'अवर'मध्ये अ, 'एमएलए'मध्ये ए, म्हणून ॲन. 'युनिव्हर्सिटी'त य आणि 'वन'मध्ये व, म्हणून अ. यादीची गरजच संपते.

उर्दूवाल्या मुलांना तर याहून सोपं. शब्द अलिफने सुरू झाला की ॲन. ये किंवा वावने सुरू झाला की अ. अवरला अलिफ, युनिव्हर्सिटीला ये, वनला वाव. (एका चुणचुणीत पोराने लगेच विचारलं, 'आपा, ईद तो ऐन से है!' बरोबर आहे. तेवढा ऐन अलिफच्या रांगेत बसवायचा.)

दुसरा नेहमीचा सापळा क्रियापदाचा. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज' पुढे 'इज' की 'आर'? क्रियापदाशेजारी 'मँगोज' दिसतात म्हणून मुलं 'आर' ठोकून देतात. तेच वाक्य मराठीत म्हणा: आंब्यांचा दर्जा चांगला आहे. 'चांगले आहेत' असं झोपेतही कुणी म्हणणार नाही, कारण मराठीत मुख्य नाम शेवटी, क्रियापदाला लागून येतं. इंग्रजीत ते पुढे जातं आणि मधल्या शब्दांत हरवतं. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, म्हणून एकवचन. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे बरेच विद्यार्थी, म्हणून अनेकवचन. क्लासच्या वहीत हे दोन वेगळे नियम आहेत. मराठीतून पाहिलं तर नियम आठवायलाच लागत नाही.

मराठी दगा देते, तेही सांगायला हवं. 'मी दहा वर्षांपासून चारकोपला राहते' आणि 'मी 2015 पासून राहते', दोन्हीकडे आपलं 'पासून', उर्दूत दोन्हीकडे 'से'. म्हणून मुलं दोन्हीकडे 'सिन्स' लिहितात. शिवाय आपलं साधं 'राहते' तिथे चालत नाही, 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. 'डिस्कस अबाउट' ही चूकही आपल्या 'च्याबद्दल चर्चा'मधून आलेली. पण मराठीचं 'पासून' दोन कामं करतं हे ज्याला कळलं, तोच इथे थांबतो. मराठी विसरायला सांगितलेला मुलगा थांबत नाही.

काही प्रश्न मात्र निव्वळ जुनाट असतात. 'लेस्ट'नंतर 'शुड', 'नो सूनर'नंतर 'दॅन', 'हार्डली'नंतर 'व्हेन'. असं बोलणारा माणूस आयुष्यात भेटणार नाही. पेपर काढणाऱ्यांना ते आवडतात, कारण उत्तर एकच असतं आणि वाद होत नाही. ते दहा-वीस पाठ करा आणि मोकळे व्हा.

कॉन्व्हेंटमधल्या मुलांना यातलं काही लागत नाही, हे खरं. त्यांच्या कानाला चुकीचं वाक्य खटकतं. आमच्या मुलांच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडत नाही, म्हणून त्यांना कारण लागतं, आणि कारण समजतं ते स्वतःच्या भाषेतून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या मराठीतूनच इंग्रजी शिकल्या.

एमपीएससीच्या गट ब आणि क च्या मुख्य परीक्षेत मराठी आणि इंग्रजी एकाच पेपरात येतात. तरी मुलं दोन क्लासला जातात, दोन फिया भरतात. एकीकडे 'सलमाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग म्हणून शिकतात, दुसरीकडे पॅसिव्ह व्हॉइस. मग कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह समजून हेच वाक्य इंग्रजीत 'वॉज ईटन' करून टाकतात. वास्तविक इंग्रजीत ते सरळ ॲक्टिव्ह आहे. आंबा पुल्लिंगी म्हणून 'खाल्ला', पोळी असती तर 'खाल्ली'. ही फक्त आपल्या क्रियापदाची सवय. पॅसिव्हला जवळचं मराठी म्हणजे 'सलमाकडून आंबा खाल्ला गेला'. या आठवड्यात आम्ही अशी पन्नास वाक्यं तिन्ही भाषांत लिहितो आहोत. ज्यांच्या दोन वह्या आहेत त्यांना मी दोन्ही घेऊन यायला सांगितलं आहे.