हवेवर गेलेले गाणे

चेंबूरमधल्या टिळकनगरच्या जुन्या इमारतींत एका घरी रेडिओ लागला की तो अख्ख्या जिन्याला पुरत असे. आरेच्या दुधाची बाटली घेऊन चढणारी बाई मधल्या पायरीवर थांबायची, गाणे संपले की मगच पुढचा मजला चढायची. हे आम्ही लहानपणी पाहिले आहे, आणि तिला पायरीवर थांबवणारा आवाज बहुधा माणिक वर्मा यांचा असायचा. त्यांचा जन्म १६ मे १९२६ रोजी पुण्यात झाला. आज त्याला शंभर वर्षे झाली.

मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले ते २३ जुलै १९२७ रोजी. माणिकताई तेव्हा चौदा महिन्यांच्या होत्या. रेडिओबरोबर वाढलेली गायकांची जी पहिली पिढी, तिच्यातल्या त्या. किराणा घराण्याची तालीम त्यांना हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने यांच्याकडून मिळाली. पुढे जगन्नाथबुवा पुरोहितांकडून आग्र्याचेही धडे मिळाले. ख्याल गाणाऱ्या या मुलीच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर नाव असे ते माणिक दादरकर. लग्नानंतर त्या माणिक वर्मा झाल्या.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर राग मांडायला शिकलेल्या गळ्यासाठी ही जागा किती अपुरी! पुष्कळ शास्त्रीय गायक अशा वेळी घाई करतात, सगळी विद्या तीन मिनिटांत कोंबतात. माणिकताईंनी तसे केले नाही. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘सावळाच रंग तुझा’ पुन्हा लावून बघा. कुठे तान मारायची याइतकेच, कुठे ती मारायची नाही हे त्यांना ठाऊक होते. शब्दाचे टोक मोडत नाही, सूर अलगद ठेवला जातो, आणि रागाची ओळख न सांगता कळते. आमच्या मते मराठी भावगीताला शास्त्रीय गळ्याने दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, आणि ती देताना तिचा गाजावाजा झाला नाही म्हणूनच ती मोजायची राहून गेली.

तबकडी ही एक शाळा, तर दुसरी आकाशवाणीची. तिथे १९४० पासून तीन दशके हार्मोनियमला मनाई होती. त्या निर्णयाने किती पेटीवादकांचे पोट मारले गेले, हे विसरून चालणार नाही. पण पेटीचा आधार काढून घेतल्यावर गळ्याला तंबोऱ्यावरच विसंबावे लागे, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती ऐकू येत. स्टुडिओतला लाल दिवा लागला की चूक सुधारायची सोय नसे. गायचे ते थेट हवेत.

मग १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे. चित्रपटगीतांना त्यांचा विरोध होता, आणि त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. आमच्या चेंबूरमध्ये तेव्हा आर. के. स्टुडिओ उभा होता, ‘आवारा’ नुकताच गाजला होता. ती गाणी ऐकायची तर लोक रेडिओ सिलोनकडे काटा फिरवत. लोकांच्या आवडीला कुलूप घालणारा हा हट्ट चुकीचाच होता. तरी त्याची एक बाजू मराठीच्या पदरात पडली. सिनेमाची रिकामी झालेली जागा भरायला आकाशवाणीला स्वतःची गाणी हवी होती: कवीकडून लिहून घेतलेली, केंद्रावरच चाल लावलेली. ‘सुगम संगीत’ हा शब्द घराघरांत गेला तो त्यातून.

‘गीतरामायण’ त्याच हवेत जन्मले. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे केंद्र सुरू होऊन दीड वर्ष झाले होते. पुढे वर्षभर छप्पन्न गीते गेली, आणि सीता गायल्या माणिक वर्मा. रामाचा आवाज बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडके यांचा, पण लक्ष्मण, कैकेयी, कौसल्या यांना वेगवेगळे गळे होते. पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या एकट्या बाबूजींच्या आवाजात. आज घरोघरी ‘गीतरामायण’ म्हणजे तोच आवाज. त्याच्या थोरवीविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ज्या आईआजींनी शुक्रवारी सकाळी रेडिओपुढे हात जोडले, त्यांनी सीतेचे दुःख एका बाईच्या गळ्यातून ऐकले होते. आपण ते मुळातून फार कमी ऐकले. १९७४ ची पद्मश्री आणि पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार यांचा उल्लेख आज सगळीकडे होईल. आम्हाला जास्त लागते ती ही उणीव.

शताब्दीनिमित्त सत्कारसभा होतील, त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम होतील, आम्हीही जाऊ. आमचे मागणे मात्र वेगळे आहे. आकाशवाणीने आपल्या संग्रहातले त्यांचे जे जे ध्वनिमुद्रण उरले असेल, त्याची यादी तारखांसकट लोकांपुढे ठेवावी. थेट प्रक्षेपणातले जे विरले ते विरले. जे टेपवर आहे ते कपाटात राहू नये.

आणि काही काम आपलेही आहे. चेंबूरच्या जुन्या घरांचा आता पुनर्विकास चालू आहे. माळे रिकामे होतात, ट्रंका भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. त्या ट्रंकांत काळ्या जड तबकड्या असतील तर त्या एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिटने पुसू नका, त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोरड्या मऊ फडक्याने फक्त मधला कागद पुसा आणि नाव वाचा. ‘माणिक दादरकर’ असे असेल, तर ती तबकडी हातगाडीवर जाऊ देऊ नका.