ठोसा हातात नसतो, पायात असतो

जयंती जवळ आली की वस्तीतल्या मुली लेझीमच्या सरावाला लागतात. शिकवणारी ताई आधी पाय बसवून घेते. एक पाऊल पुढे, एक मागे, मग वळण, मग बैठक. पाय बसले की हात मागोमाग येतात. हे आपल्या घराघरात माहीत आहे. पण मुलींना ठोसा मारायला शिकवायची वेळ आली की आपण हे विसरतो.

विहारात, समाजमंदिरात, शाळेत आता स्वसंरक्षणाची शिबिरं होतात. हेतू चांगला आहे. पण बरीच शिबिरं एका दिवसाची असतात. भाषण, सत्कार, मग रांगेत उभं राहून हवेत ठोसे, शेवटी कौल फोडायचं आणि फोटो. माझं मत स्पष्ट आहे. असा एक दिवस करण्यापेक्षा तोच पैसा तीन महिन्यांच्या वर्गावर लावा, आणि पहिले काही आठवडे फक्त पाय शिकवा. नर्सिंग केलेली बाई हे का सांगते, ते वाचा.

घण मारणारा मजूर बघा. तो नुसत्या दंडाच्या जोरावर मारत नाही. पाय रोवतो, कंबर फिरवतो, मग घण खाली येतो. दंडानेच मारला तर तासाभरात खांदा जाईल. ठोशाचंही तसंच आहे. जोर जमिनीतून निघतो. मागचा पाय जमीन ढकलतो, कंबर फिरते, खांदा पुढे येतो आणि मूठ शेवटी पोचते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात १२० मुष्टियोद्ध्यांचे सरळ ठोसे मोजले होते. निष्णात खेळाडूंच्या ठोशात पायाचा वाटा सुमारे ३८ टक्के होता आणि हाताचा २४. नवख्यांच्या ठोशात पायाचा वाटा जेमतेम १७ टक्के होता आणि हाताचा ३८. म्हणजे शिकलेला आणि न शिकलेला यांच्यातला मोठा फरक पायात दिसतो.

आता पाय कसे ठेवायचे ते बघू. उजव्या हाताची मुलगी असेल तर डावा पाय पुढे, उजवा मागे. दोन्ही पायांत खांद्याएवढं अंतर. पाय एका रेषेत नकोत, नाहीतर बाजूने धक्का लागला की तोल गेलाच. गुडघे किंचित वाकलेले, मागची टाच थोडी उचललेली, वजन दोन्ही पायांवर. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, डावीकडे जाताना डावा आधी. पायात पाय कधीच अडकवायचा नाही. उजव्या हाताने ठोसा मारताना मागच्या पायाचा चवडा जमिनीवर फिरतो आणि टाच बाहेर वळते. सिगारेटचं थोटूक चिरडतो तसा.

हा चवडा फिरला नाही तर काय होतं? कंबर फिरते, पाय जमिनीला चिकटून राहतो आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. खेळात गुडघ्याच्या आतली लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आहे, हे जगभर नोंदलं गेलंय. म्हणून मुलींच्या वर्गात तर पायाकडे दुप्पट लक्ष हवं.

हाताचंही ऐका. अंगठा मुठीच्या आत नको, बाहेर हवा. मनगट सरळ. मार लागायचा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी जी दोन हाडं उंच दिसतात त्यांवर. ही हाडं मनगटाशी घट्ट बसलेली असतात. करंगळीकडचं हाड हलतं, म्हणून ते मोडतं. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. पण ते शिकलेल्या बॉक्सरपेक्षा रागात भिंतीवर, दारावर हात मारणाऱ्या पोरांमध्येच जास्त दिसतं. हात तीन-चार आठवडे बांधून ठेवावा लागतो, आणि पकड पूर्ववत व्हायला पुढे आणखी काही आठवडे जातात. ज्या घरात हात चालला तरच चूल पेटते, तिथे या आठवड्यांचा हिशेब कोण देणार?

काही जण म्हणतील, ‘ताई, रस्त्यात कुणी अंगावर आलं तर पाय कसे ठेवलेत हे बघायला वेळ असतो का?’ वेळ नसतो, म्हणूनच ते आधी अंगात भिनलेलं हवं. स्वसंरक्षणात जिंकायचं नसतं, सुटायचं असतं. अंतर राखणं, बाजूला सरकणं, तोल न जाऊ देता पळणं, हे सगळं पायाचंच काम आहे. मेरी कोम २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये उतरली तेव्हा तिचा नेहमीचा ४८ किलोचा गट तिथे नव्हताच. ५१ किलोच्या गटात, आपल्यापेक्षा थोराड मुलींशी लढून तिने कांस्यपदक आणलं. अंगाने लहान असलेल्या खेळाडूला पायाचा वेगच वाचवतो. उलट एका दिवसात कौल फोडलेल्या मुलीला खोटा विश्वास मिळतो. कौल उलटून मारत नाही, माणूस मारतो. आणि हेही विसरू नका की मुलीच्या सुरक्षिततेचा भार तिच्या एकटीच्या मुठीवर टाकता येत नाही. ११२ नंबर, गल्लीतला उजेड आणि घरातल्या मुलांना वळण लावणं, हेही लागतंच.

विहार समित्यांना आणि मंडळांना माझं सांगणं आहे. वर्ग घ्या, पण नीट घ्या. गुळगुळीत फरशीवर मोज्यांत किंवा चपलेत सराव नको. खाली मॅट टाका किंवा तळवा पक्का असलेले बूट घाला. हाताला गुंडाळायची कापडी पट्टी सगळ्यांना मिळाली पाहिजे, ती महाग नसते. पंचिंग बॅग नंतर आणा. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकवणारा नको. विद्यापीठाच्या आवारात साईचं केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. तिथे जाऊन प्रशिक्षित माणसाची चौकशी करा. मुलांनाही वर्गात घ्या. भिंतीवर हात आपटणारा मुलगा तिथे आला तर त्याचं हाड वाचेल.

समोरासमोर सराव सुरू झाला की डोक्यावर मार नको, हा नियम पक्का करा. हेल्मेटने जखम टळते, मेंदूला बसणारा हेलकावा टळत नाही. डोक्याला लागल्यावर चक्कर आली, गोंधळल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी सराव बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. उलट्या, गुंगी किंवा एक बाहुली मोठी दिसली तर थेट घाटीच्या अपघात विभागात न्या. मुठीला कुणाचा दात लागून जखम झाली तर ती लहान समजू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, नाहीतर जंतू सांध्यात शिरतात.

येत्या बैठकीत हा विषय मांडा. कौलं आणि सत्काराच्या शाली यांचा खर्च काढा, आणि तेवढ्यात किती मॅट आणि किती पट्ट्या येतात ते सगळ्यांसमोर मोजा.

जय भीम.