उंदराची भीती आणि माणसाची चिंता

‘डॉक्टर, अश्वगंधा तर प्रयोगशाळेत सिद्ध झाली आहे, मग ही गोळी कशाला?’ असे मला हल्ली दवाखान्यात वरचेवर विचारले जाते. सिद्ध झाली म्हणजे नेमके काय, ते पाहू.

या चाचणीत जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंचीवर अधिक चिन्हाच्या आकाराची चौकट असते. तिच्या दोन वाटांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. उंदीर भित्रा, तो आडोसा धरून राहतो. औषध दिल्यावर पाच मिनिटांत तो उघड्या वाटेवर अधिक वेळ रमला, तर त्याची भीती कमी झाली असे मानतात. बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अशा प्रयोगांत अश्वगंधेच्या मुळांतील घटक पाच दिवस दिल्यावर लोराझेपाम या औषधाच्या तोडीचा गुण दिसला.

हे काम मोलाचेच आहे. पण ही पहिली पायरी झाली. उंदराला कर्जाच्या हप्त्याची वा मुलाच्या नोकरीची काळजी नसते. शिवाय महिनोन्‌महिने औषध घेतल्यावर यकृताचे काय होईल, हे पाच दिवसांत कळत नाही. पॅसिफिक बेटांवरील कावा ही वनस्पती चिंतेवरील औषध म्हणून युरोपात खपत होती. यकृत निकामी झाल्याच्या तक्रारी आल्यावर जर्मनीने २००२ मध्ये त्या औषधांचे परवाने काढून घेतले. अश्वगंधेच्या माणसांवरील काही चाचण्यांत गुण दिसला आहे. मात्र त्या बहुतेक थोड्या लोकांवर, काही आठवड्यांपुरत्या झाल्या. तिच्यामुळेही क्वचित कावीळ झाल्याची नोंद आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, डबीवर नुसते ‘शास्त्रीय कसोटीस उतरलेले’ छापणे पुरेसे नाही. कसोटी उंदरावर की माणसावर, किती मात्रेत आणि किती दिवस, हेही छापणे सक्तीचे असावे.

तोवर वाचकांनी एवढे पाळावे. लोराझेपामसारखी गोळी चालू असेल तर ती एकदम बंद करू नये. झोप उडते, हातपाय कापतात, कधी फिटही येते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते. गरोदर स्त्रिया, थायरॉइडचे व यकृताचे रुग्ण यांनी अश्वगंधा परस्पर घेऊ नये. आणि घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नये.