हंगाम पाहून शिकवा



कोल्हारच्या बाजारात मागे एक ओळखीचे शेतकरी भेटले. थोरला मुलगा केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. फीपायी दोन गाई विकल्या, वर कर्ज आहेच. म्हणाले, "साहेब, पोरगं जूनमध्ये लांबच्या एका साखर कारखान्यावर पंधरा दिवस राहून आलं. काय पाहिलंस विचारलं, तर म्हणतं, कारखाना बंदच होता. सर्टिफिकेट मात्र मिळालं!"

यात मुलाचा दोष नाही. आपल्याकडे गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि शिमग्याच्या सुमारास संपते. कॉलेजला सुटी मे-जूनमध्ये. म्हणजे पोरगे कारखान्यावर जाते तेव्हा बॉयलर थंड आणि गव्हाण रिकामी. रब्बी ज्वारीची पेरणी शिकायला कोणी मे महिन्यात रानात नेले तर तुम्ही काय म्हणाल?

हे इंजिनिअरिंग म्हणजे काय, असे पुष्कळजण विचारतात. तुम्ही गुऱ्हाळ पाहिले आहे ना? रस काहिलीत घालायचा, भेंडीचा चीक टाकून मळी वर आणायची, जाळ लावून पाणी उडवायचे, पाक ओळखून काहील उतरवायची. तेच काम मोठ्या प्रमाणावर, हिशेबाने आणि कमी जळणात करायचे, ही या शास्त्राची एक बाजू. रस १५ ब्रिक्सचा आणि पाक ६० ब्रिक्सचा धरला, तर शंभर किलो रसातून पाऊणशे किलो पाणी उडवावे लागते. गुऱ्हाळात त्या सगळ्या पाण्यासाठी जळण घालावे लागते. कारखान्यात पहिल्या भांड्यात रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या भांड्यांत हवेचा दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून रस कमी उष्णतेवरही उकळतो. चार भांडी असली तर एक किलो वाफ जवळजवळ चार किलो पाणी उडवते. वाचलेल्या बगॅसवर वीज होते. वहीत हे गणित दहा मिनिटांत सुटते. पण नळ्यांवर कीट चढले, भांडे तापेना, तेव्हा काय करायचे ते चालू कारखान्यातच कळते.

उलट तेच कीट डोळ्यांनी पाहायचे तर कारखाना बंद हवा. तेव्हा जूनची फेरी अगदी फुकट नाही. मात्र ती दुसरी फेरी असावी, पहिली नव्हे.

आपल्या भागाला हे सांगावे लागते याचेच मला वाईट वाटते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. कोल्हारपासून लोणी हाकेच्या अंतरावर. घरातला ऊस जिथे जातो तिथले यंत्र घरच्या मुलाला परके का असावे?

जालन्याकडे पाहा. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे १९३३ साली सुरू झालेली जुनी यूडीसीटी, तिने २०१८ मध्ये जालन्याला शाखा काढली. तिथल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वर्षाचे तीन भाग केले आणि कॉलेजबरोबर कारखान्यातले काम शिक्षणातच धरले. मला हा विचार पटतो. सहा-सहा महिन्यांच्या सत्रांच्या कॉलेजलाही एक सत्र हंगामात मोकळे ठेवणे अशक्य नाही. परीक्षेचे वेळापत्रक देवाने लिहिलेले नाही.

आणि साखरेवरच थांबू नये. मळीपासून अल्कोहोल होते, पण साध्या ऊर्ध्वपातनाने ते सुमारे ९५ टक्क्यांवर अडते. पेट्रोलमध्ये घालायचे तर उरलेले पाणी वेगळ्या रीतीने काढावे लागते. शिवाय एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याचा वास तुमच्या नाकाला ठाऊक आहे, आणि तो विहिरीत उतरला तर काय होते तेही. हे पाणी नीट हाताळणारा माणूस आसवनीला हवा आणि गावालाही हवा. याचे प्रात्यक्षिक नसेल तर तो अभ्यासक्रम मी अर्धाच समजेन.

तेव्हा प्रवेशाला जाताना वसतिगृहाच्या खोल्या पाहा, पण त्याआधी विचारा: मुले कारखान्यावर कोणत्या महिन्यात जातात? किती दिवस? रात्रपाळीला राहतात का? तिथे त्यांना काम सांगणारा कोण असतो? नेमके उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या कॉलेजात चौकशी करा. मुलींच्या बाबतीतही हेच विचारा. प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळते, कारखान्यावर मात्र दारातूनच परतवतात, असे होऊ देऊ नका.

बाजारातल्या त्या मुलाला मी सांगितले, डिसेंबरात चार दिवस सुटी काढ आणि परवानगी घेऊन चालू कारखाना पाहा. शंभर टन उसाचा हिशेब मांड: साखर किती, बगॅस किती, प्रेसमड किती, मळी किती, आणि उसातले पाणी कुठे गेले. बेरीज जुळली नाही तरी वही घेऊन ये म्हटले. वडिलांनी लगेच विचारले, "मी पण येऊ का बरोबर?"